ह्यांचं विरजण

९ फेब्रुवारी, उदगीर
सकाळपासून लाईट नाही. आली तेव्हा आधी फ्रिज उघडून बरणी पाहिली. गार होती अजून. तळाशी पांढरट साय, वर पिवळं पाणी. ह्यांच्या शेवटच्या एलचा, म्हणजे घरी केलेल्या बिअरचा गाळ. हे त्याला यीस्ट म्हणायचे, मी विरजण. दिवाळीआधी स्वतःच्या हातानं काढून ठेवलं आणि दिवाळीत गेले. हैदराबादला बिअरच्या कारखान्यात बॉयलरवर होते तेव्हा आणलेलं, तेव्हापासून दर हिवाळ्यात एल करून जिवंत ठेवलेलं. आता उन्हाळा तोंडावर आणि वर हे भारनियमन. यंदा एल केली नाही तर मरेल.
मुलगा फोनवर म्हणतो, "आई, फेकून दे गं ते." पुण्यात बसून फेकायला काय जातं!

११ फेब्रु.
टँकर नाही आला. धाकट्या जावेशी वाजलं. नागम्मा म्हणते, "देवाला आंघोळ घालायला तांब्याभर पाणी न्हाई, अन् तुमाला दारू गाळायची हाय व्हय अक्का?"
म्हटलं, गाळायची नाही, आंबवायची आहे. फरक असतो.
"असंल. लिंगाला फरक कळत न्हाई."
चूक काहीच बोलली नाही ती, म्हणून जास्त राग आला. पण गळ्यात लिंग माझ्याही आहे. एवढी वर्षं ह्यांच्याबरोबर एल केली, थेंब तोंडात घेतला नाही. माझं काम फक्त नाकाचं. हे पळी पुढे करायचे, मी वास घेऊन सांगायची, अजून उकळू द्या, आता फुलं टाका. "तुझं नाक अन् माझी जीभ, मिळून एक अख्खा माणूस," म्हणायचे.

१४ फेब्रु.
ठरवलं. पाणी माझ्याच वाट्याचं. न्हाणं बंद, रोज थोडं थोडं वेगळ्या घागरीत. जव भिजत घातले.
हौदाकडे बघवत नाही. उकळतं पातेलं त्यात सोडून गार करायचो. हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभे, म्हैस धुवायला उतरल्यासारखे, आणि वरून मलाच हुकूम. आता त्यात नागम्माचं वाळवण.

१९ फेब्रु.
मोड आले. गोणपाटाखाली हात घातला की काकडीचा वास. गच्चीवर वाळत घातले. चिमण्या हाकलायचं काम ह्यांचं असायचं. हाकलायचे कसले, बघत बसायचे. मीही आज तेच केलं.

२३ फेब्रु.
घोळ!! एलला भरड लागते, जव नुसते फुटले पाहिजेत. दर वर्षी हे गिरणीत उभे राहून काढून घ्यायचे. मी डबा ठेवून भाजीला गेले आणि सांगायचं राहिलं. आता मोड आलेलं धान्य घेऊन बाई गिरणीत कधी येते? घरात बाळ असलं की, सत्वाला. रसूलभाईंनी बिचाऱ्यांनी पाट्या आवळून मैद्यासारखं दळलं. वर हसत डबा हातात दिला.
"मुबारक हो भाभी! नातू का नात? लई बारीक काढून दिलो, लेकराच्या घशाला लागू नये म्हणून."
काय सांगणार? बरं म्हटलं. घरी येऊन हसले, मग रडू आलं. ऐकून हे हसून लोळले असते.

२४ फेब्रु.
व्हायचं तेच. गरम पाण्यात पीठ पडलं नि पिठलं झालं. गाळणीतून थेंब पडेना. वेगळं ठेवलेलं सगळं पाणी त्यात. फेकावं तर... शेवटी पेटीतून ह्यांचं धोतर काढलं. एकटीला पिळवेना. नागम्मा दारात उभी राहून बघत होती. आत आली, दुसरं टोक धरलं.
"भावजीचं धोतर हाय म्हणून धरले. दारूसाठी न्हाई."
दोघींचे हात पोळले. चोथा तिच्या म्हशीला घातला. दिवाळीपासून ओलं काही दिसलं नव्हतं तिला, पाटी चाटून लख्ख केली. नागम्मानं पाटी दोनदा बघितली.
मग रस उकळून फुलं. हॉप्स. ह्यांचा मित्र हिमाचलातून पाठवायचा, शेवटचं पाकीट. अर्धी उकळीत कडूपणासाठी, अर्धी राखून ठेवली, वासासाठी मागाहून घालायला. चुरगळली की कडुलिंबाचा मोहोर आणि संत्र्याची साल. घरभर.
हौद नाही, म्हणून पातेल्याला ओलं गोणपाट, गच्चीवरचा वारा.

२५ फेब्रु.
गार झालं. डब्यात ओतून विरजण घातलं. तोंडातून आपोआप शिवशिव आलं.

२७ फेब्रु.
काही नाही. डब्याच्या नळीचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडलंय, बुडबुडा यायला हवा होता. बरणी किती वेळा गरम झाली असेल. मेलं बहुतेक. जेवले नाही.

२८ फेब्रु.
नागम्मा ओरडत आली. "अक्का, तुमचं ते बोलायलंय!"
बुडबुड. बुडबुड. डब्याला कान लावून बसले, ती पण.

६ मार्च
चौकात बोर्ड, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. लातूर जिल्हा झाला तेव्हा आमचं नवं लग्न. लोकांनी पेढे वाटले, ह्यांनी गच्चीवर दोस्त जाधव सरांबरोबर एल उघडली. "आता सगळं जवळ येईल बघ," म्हणाले. सगळं आलं. नळाचं पाणी तेवढं वाटेत राहिलं.
राखलेली फुलं आज डब्यात टाकली.

२० मार्च
बाटल्या भरल्या. तळाचं विरजण बरणीत काढलं, भाजीच्या खणात ठेवायला गेले. नागम्मा ह्या बरणीला दह्याजवळ फिरकू देत नाही. आज तिनंच दह्याचं भांडं सरकवलं. "हितं ठेवा. खाली नासंल."

१० एप्रिल
चव कोण सांगणार? ह्यांच्याबरोबर पिणारे एकटे जाधव सर. फोन केला तर नांदेडला, मुलाकडे. इथं पाणी नाही म्हणून गेले. "वहिनी, डॉक्टरनं बंद केलंय. पण त्याची असंल तर एक घोट घेतो. पाऊस पडला की येतो."
पाऊस पडला की!

१३ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळी गल्ली टीव्हीपुढं. मी स्वयंपाकघरात एक बाटली उघडली. फस्स झालं. ह्यांच्या ग्लासात ओतली, फेस काठापर्यंत.
वास तोच. नाक खोटं बोलणार नाही. पण चव? आज घोट घेतला तरी कशाशी ताडून पाहू? ती चव ह्यांच्या जिभेवर होती, ह्यांच्याबरोबर गेली. तेव्हा एक चमचा घेतला असता तर कुठला देव कोपला असता, असं आज पहिल्यांदा वाटलं. फार वाटलं.
नागम्मा देवळातून आली ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. हातातलं ताट तसंच. आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, हे घरात असले की ओढायची तसा.
मग मलाच बघून ओशाळली. "भावजी आले की काय वाटलं."
समोर बसलीय आता. दोघींच्या मधे ग्लास. फेस निम्मा खाली बसला.
"बघा की घेऊन एक घोट," म्हणते. "मी न्हाई सांगत कुणाला."