नळीवरचा आवाज

कर्वेनगर, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. डॉक्टरांनी कुजबुजायलाही बंदी केल्यापासून तुमचं अक्षर मात्र सुधारलंय. पोस्टमनने काल विचारलंच, की पुण्यातल्या पुण्यात गुलटेकडीहून कर्वेनगरला पत्रं कसली पाठवता, तुमच्याकडे फोन नाहीत का.

वीस तारखेच्या ऑपरेशनची भीती वाटते, असं तुम्ही पहिल्यांदाच लिहिलंत. कॅन्सरपायी स्वरयंत्रच काढणार म्हटल्यावर वाटणारच. तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारलेत. पौर्णिमेला विहारात पंचशील तुम्ही सांगायचं आणि सगळ्यांनी तुमच्या मागून म्हणायचं.

तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून आमच्या प्रयोगशाळेतली बातमी सांगते. आम्ही सशाच्या गळ्यातल्या एका स्वरतंतूला जखम करतो, दुसरा तसाच ठेवतो, आणि जखमेत नवं औषध टोचतो. या वेळी सातपैकी सहा सशांचा आवाज परत आला. मी स्वतः ऐकला, बाबा. धीर सोडू नका.

शर्मिलावहिनीला आठवण सांगा. तुमची माया आहे तशीच असू द्या.

आपली,
आम्रपाली

गुलटेकडी, १५ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. सातात सहा! अगं, बाजारात इतकी खात्री कुणी सख्ख्या भावालाही देत नाही. काल एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि तारीख रद्द करून आलो. पाटीवर लिहून दाखवलं, मुलगी औषध तयार करते आहे, सहा महिने थांबतो. ते बराच वेळ चिडून इंग्रजीत बोलले. मला बोलायची बंदी होती म्हणून त्यांचं फावलं.

ससा आणि माणूस एक नव्हे, एवढं कळतं मला. पण गळाच काढून दिला, तर उद्या औषध आल्यावर ते घालायचं कुठे? शर्मिलाला सांगितलंय की डॉक्टरांनीच पुढे ढकललं. तू फोडू नकोस.

एक विचारतो. हल्ली विहारात पहिल्या शीलाला, जीवहत्या न करण्याच्या, तू गप्प बसतेस. मागे वळून न बघताही मला कळतं. सशांमुळे ना? जखम करता, ती बरीही करता, मग दोष कसला?

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
बाबा

कर्वेनगर, २ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना जय भीम.

हैदराबादचं प्रशिक्षण संपवून आज परत आले. तुमचं पत्र हॉस्टेलच्या खणात सहा आठवडे पडून होतं. वहिनी फोनवर म्हणत होती की डॉक्टरांनीच पुढे ढकललंय, आणि मी ते खरं धरलं. आत्ताच तिला सगळं सांगितलं. उद्या सकाळी आम्ही तुम्हाला हॉस्पिटलात नेतोय. हे पत्र मी तिथेच तुमच्या हातात देईन, कारण तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

सहा सशांचा आवाज परत आला, पण तेव्हा ते ससे जिवंत नव्हते. सहा आठवड्यांनी आम्ही त्यांना मारतो, स्वरयंत्र कापून काढतो, ते एका नळीवर बसवतो आणि खालून दमट हवा सोडतो. मग ते वाजतं. मी ऐकला तो हा आवाज. शिवाय त्यांना नुसती जखम होती. कॅन्सरवर आमच्याकडे काहीही नाही, आणि जखमेचं औषधसुद्धा माणसापर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी बातमी अर्ध्यावर तोडली. सशांना शेवटचं इंजेक्शन मीच देते. म्हणून पहिल्या शीलाला माझं तोंड उघडत नाही. बाबा, मला माफ करा.

तुमची,
आम्रपाली

गुलटेकडी, १३ मे २०२५

चि. आम्रपालीस अनेक आशीर्वाद.

गाठ मानेत उतरली, आता कापण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर मार्चमध्ये म्हणाले. त्या दिवसापासून तू घराची पायरी चढली नाहीस. शर्मिलाला रोज फोन करून माझ्या गोळ्या विचारतेस. गोळ्या ठीक आहेत.

काल बुद्धपौर्णिमेला मी बंदी मोडली. आता कशासाठी पाळायची? पंचशील मीच सांगितलं. आवाज कसला, फाटक्या पोत्यातून भुसा गळावा तसा. तरी लोक कान देऊन मागून म्हणत होते. पुढच्या रांगेतल्या द्वारकाबाई रडत होत्या. तुझी जागा रिकामी होती.

तू उगीच पहिल्या शीलाला अडत होतीस. तुझं चुकलं ते चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या. मीही शर्मिलाला थापच मारली, म्हणजे बापलेक एकाच ठिकाणी घसरलो. वर सातव्या सशाचं काय झालं, हेही मी विचारलं नाही. माल न बघता बोली लावणाऱ्यांना आयुष्यभर हसलो, आणि शेवटी स्वतःच लावली. मला जगायचं होतं गं, आणि बोलायचंही होतं.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत हा आवाजही उरणार नाही म्हणतात. तेव्हा पंचशील तू सांगायचंस. पहिल्यापासून, सगळी पाचही. मी समोर बसेन. मागून म्हणायला आवाज नसेल, पण ओठ हलवीन. ते थांबले की पुढचं म्हण.

माझा राग नाही. लोभ आहे, तो येऊन घेऊन जा.

तुझा,
बाबा