आमच्याकडे मुलांचं स्वागत आहे

४ मार्च, सकाळ
संकल्प : यंदा वसाहतीत मुलं आणायचीच. घरं वेगवेगळी, स्वयंपाकघर आणि अंगण सगळ्यांचं एक, अशी ही आमची वसाहत. पण सगळ्यात तरुण रहिवासी एकसष्ट वर्षांची. बैठकीत गुडघ्यांपलीकडे विषय जात नाही. असंच चाललं तर थोड्याच वर्षांत आम्ही सगळे भिंतीवर, फ्रेममध्ये.

सात नंबर रिकामं ठेवलंय. लेकीसाठी. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ती, जावई आणि नातू इथे राहायला आले पाहिजेत. प्लंबरच्या हाताखाली पाइप उचलत मी वर आलो, ही वसाहत उभी केली. चार पोरं गोळा करणं म्हणजे काय मोठंसं!

९ मार्च
बैठक. झोपाळा मंजूर. मुख्याध्यापिकाबाई (रिटायर झाल्या, पण आवाज नाही झाला) म्हणाल्या, खेळ फक्त पाच ते सहा. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. माणसं सांभाळून घ्यावी लागतात. माझी एकच भर : चेंडू नको. अंगणाच्या भिंतीतून माझे पाइप गेलेत.

२२ मार्च
झोपाळा कुरकुरतो. इतर कुणालाच ऐकू येत नाही म्हणे. कसं येणार? भिंतीला कान लावून गळती शोधण्यात माझा जन्म गेला. तेलपाणी करण्यासाठी काढून ठेवला.

१० एप्रिल
रिकामं तीन नंबर बघायला पहिलं कुटुंब येऊन गेलं! एक नर्सबाई, त्यांचा नवरा, तीन पोरं. धाकट्याने स्वयंपाकघरातले सगळे नळ एकदम सोडले. मी रागावलो नाही. त्याला शेजारी बसवून पाण्याचा दाब ही काय चीज आहे ते नीट समजावलं. तो रडला. अजून त्यांचा फोन नाही. हल्लीच्या आईबापांना मुलांनी काही शिकावं असं वाटतच नाही.

झोपाळा अजून माळ्यावर. सवड नाही.

२ मे
लेक, जावई, नातू आठवडाभर राहून बघायला आले. बायको हवेत. नातू पाच वर्षांचा, उजाडल्यापासून कॉरिडॉरमध्ये आगगाडी. शेजारचे डॉक्टर म्हणाले, अहो ओरडू द्या, किती वर्षांनी इथे कुणी दुखत नसताना ओरडतंय. मुख्याध्यापिकाबाई चक्क त्याचा डबा होऊन मागे पळाल्या. शिस्तीच्या बाईने असं घसरावं!

४ मे
बैठक. बाईंनीच मांडलं : पाच ते सहाचा नियम काढून टाकू, पोरांना दिवसभर खेळू दे. सगळ्यांचे हात वर. आमच्याकडे एकाने जरी नकार दिला तर ठराव पडतो. मी नकार दिला. स्वतःच्या नातवासाठी नियम वाकवले तर लोक काय म्हणतील? डॉक्टर म्हणाले, लोक म्हणजे आम्हीच ना? आम्ही काही म्हणत नाही. मी बधलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. लेकीला अभिमान वाटला असणार, उठून बॅगा भरायला गेली.

५ मे
लेक गेली. आठवडा पुरा न करता. जाताना म्हणाली, बाबा, पोरगा इथे शिंकायच्या आधी तुमच्याकडे बघतो. मी म्हटलं, वळण लागतंय बघ! जावयाने बॅगा उचलल्या. एरवी वाकून नमस्कार करतो, आज गडबडीत राहिला.

१८ जून
नातवाला तिकडच्याच शाळेत घातलं. तात्पुरतं असणार. बायको लेकीकडे गेली, चार दिवसांसाठी. शिलाई मशीन घेऊन. गणवेश आखूड करायचा असेल.

३० ऑगस्ट
झोपाळा भंगारवाल्याला दिला. ठराव एकमताने.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
तीन नंबरपाठोपाठ सात नंबरही गेलं! जोडपं सभ्य, दोघंही रिटायर. त्यांचा एकच प्रश्न : इथे मुलंबिलं नाहीत ना? मी छातीठोक सांगितलं, अजिबात नाहीत. लगेच किल्ली घेतली. आता एकही घर रिकामं नाही. मनात आणलं की मी करतोच.

लेकीला फोन करून कळवलं. बरं झालं बाबा, म्हणाली. मागे मशीनची खडखड, बायकोचं हसणं आणि नातवाचा असा आरडाओरडा, की एक शब्द धड कळेना. थांबा, तुम्हाला आवाजाचा त्रास होतोय, ठेवते, ती म्हणाली.

मी म्हटलं, छे गं, चालू दे.

तिने फोन ठेवला होता.