फाटकावर जप्त झालेला देवघरातला शंख परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल,
खारवेळ सागरी राष्ट्रीय उद्यान, खारवेळ

विषय : आमच्या घरचा शंख विनाविलंब परत मिळणेबाबत.
संदर्भ : रविवार, दि. ८ डिसेंबरची जप्तीची पावती व माझे आधीचे दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

रविवारी मी, पत्नी सौ. रुपाली व आई श्रीमती गोदाबाई (वय ८१) आपले उद्यान पाहण्यास आलो होतो. माहितीपत्रकातील प्रत्येक सूचना आम्ही पाळली. ओहोटी पाहून निघालो, खडकांवर चालण्यासाठी रबरी बूट घातले, पाणी घरून आणले. खारफुटीतल्या होडीत आईने लाइफ जॅकेटही नऊवारीवर चढवले.

घर बंद करून निघताना देवांना उपाशी ठेवायचे नाही, ही आमची रीत. म्हणून शंखासह देव डब्यात सोबत होते. ‘घरचे देव आणू नयेत’ अशी सूचना पत्रकात नव्हती, आता घालावी. समुद्र दिसताच आई म्हणाली, “अरे, हे तर आपल्या शंखाचं माहेर! भेटवून आणते.” तिने तो लाटेत बुडवला. आमची चूक एवढीच.

फाटकावर वनरक्षक श्री. दशरथ यांनी डबा उघडला. शंख ओला, वाळू लागलेला. म्हणजे किनाऱ्यावरून उचललेला, असे ठरले. खरेदीची पावती मागण्यात आली. शंख आईच्या सासूबाईंनी लग्नात आणलेला आहे. त्या काळी सुना पावत्या घेऊन येत नसत.

शंखाची पूजा झाल्याशिवाय आई जेवत नाही. रविवारपासून ती दूध-पाण्यावर आहे आणि तिला मधुमेह आहे. डॉक्टर रागावले, रुपाली रडली. बाजारातून नवा शंख आणला, तो आईने “पाहुणा आहे” म्हणून बाजूला ठेवला. काल उठताना तिचा तोल गेला. महोदय, मला भीती वाटते.

आज सकाळी तिनेच तोडगा काढला : “समुद्राचा आहे म्हणतात ना? मग समुद्रात सोडा, कपाटात कोंडू नका. तो माहेरी पोचला की मी जेवते.” मी लगेच आपल्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले, “बाहेरून आणलेली वस्तू समुद्रात टाकता येत नाही.”

शंख बाहेरून आणलेला आहे, हे कार्यालयाने मान्य केल्याबद्दल आभारी आहे. आता तो द्यावा.

उद्या फाटक उघडेल तेव्हा मी तिथे उभा असेन. आईही येणार आहे, ती ऐकत नाही. रुपाली वरण-भाताचा डबा देणार आहे. आईला तिथेच जेवू घालू द्यावे, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सुदर्शन रंगराव इनामदार
कोथरूड, पुणे
दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : १) जप्तीच्या पावतीची प्रत
२) देवघराचा फोटो (शंखाची जागा रिकामी)