एका बाजूची सात भोकं

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ एप्रिल १९८८

ती. भिवाजीमामांना शालूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. होडीचं मशीन आता खोकत नाही ना? मामींचा गुडघा कसा आहे? (आधी गुडघ्याचं विचारायला हवं होतं, पण पत्र तुम्ही उघडणार.)

मामा, मी जिंकले! बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला टेबलावर बरण्या मांडतात. आतला प्राणी लांबून ओळखून लिहायचा. बरणीला हात लावला तर परीक्षेतून बाहेर. पाचवी बरणी लॅम्प्रीची, हे आख्ख्या कॉलेजला वर्षानुवर्षं पाठ. लॅम्प्री परदेशी पाण्यातला, दिसायला आपल्या वामसारखा लांबडा, पण त्याला जबडाच नसतो. गोल तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटायचं, दातेरी जिभेने खरवडायचं आणि रक्त पीत राहायचं (आठ दिवसांसाठी येऊन दिवाळीपर्यंत राहिलेला दौलतभाऊ आठवा). लहानपणी वर्षानुवर्षं आंधळा गाळात पडून असतो, मोठेपणी एकदाच अंडी घालतो नि मरतो. कल्ल्यांची दोन्हीकडे सात-सात भोकं, आणि नाकपुडी एकच, डोक्यावर.

माझ्या बरणीतल्याला नाकपुड्या दोन! मी पाळण्यात असल्यापासून वाम बघतेय. हात आपोआप गेला आणि बरणी फिरवली. अलीकडे सात भोकं, पलीकडच्या बाजूला त्यांतलं एकही नाही!

कल्याणहून आलेले परीक्षक ओरडलेच. परीक्षा रद्द म्हणाले. म्हणजे वर्ष गेलं, आणि बाबा लग्न उरकून टाकणार. तरी म्हटलं, सर, काढा मला बाहेर, पण आधी ही बाजू बघा. ही वाम आहे, हिचा जबडा कोयत्याने उडवलाय. त्यांनी चष्मा पुसला, चिमट्याने वाम बाहेर काढली आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले. मला पैकीच्या पैकी! लॅम्प्री लिहिणाऱ्यांना (पहिल्या येणाऱ्या राघोलाही) शून्य. आईने कोळीवाडाभर पेढे वाटले. मला कसला आनंद झालाय, मामा!

तुमची,
शालू

ता.क. लॅबमधले सखारामकाका रडत सगळं सांगून गेले. खऱ्या लॅम्प्रीची बरणी नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हातून फुटली, तो काचांत चिरडला, आणि घाबरून ते बंदरावर तुमच्याकडे धावले. पुस्तकातलं चित्र बघून भोकं दाभणाने तुम्हीच पाडलीत म्हणे. दुसऱ्या बाजूला का नाही, विचारलं, तर म्हणाले, "भिवाजीशेठ बोलले, तिकडून कोण बघतंय?" काका जूनमध्ये रिटायर होतात. मी कुणाला बोलले नाही.

आणखी एक. मासे मामांनी ओळखायला शिकवले, असं मी सांगितलं, म्हणून प्रिन्सिपॉल रविवारी तुम्हाला शाल-नारळ देणार आहेत. नक्की या. बरणी टेबलावरच असेल. कृपा करून तिला ओळख दाखवू नका.