खुशाल हाय

१० जून १९४५, ऱ्होड्स

मेजरसाहेबाला पलीकडचं एक लहान बेट पाहायचं आहे. हौस! लढाई संपून महिना झाला, आता काम काय उरलं? कोण्या पळून गेलेल्या इटालियन शेठाची शिडाची यॉट किनाऱ्यावर पडून होती. ती रंगवून घेतली, पितळ घासून घेतलं. रविवारी सहल. सोबत साहेबाचे दोस्त, पेटीभर दारू, आणि टोपल्या चढवायला-उतरवायला एक देशी कारकून. तो मी.

मी स्वतःच पुढे झालो — साहेब, मला न्या. साहेब हसला. म्हणे, मनिराम, तुला समुद्र आवडतो? आवडतो! मुंबईपासून सुएझपर्यंत आतडी बाहेर काढली याने माझी. पण साहेब निघाला आहे त्याच बेटावर त्रेचाळीसच्या बॉम्बफेकीत माझा मोठा भाऊ हरवला. खुशालदादा. हे साहेबाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोंड पाडून "बॅड लक" म्हणाला असता, आणि सहलीचा रंग जातो म्हणून दुसऱ्याच कोणाला नेलं असतं.

१२ जून

सरकारची तार होती — बेपत्ता, मरण पावल्याचा संभव. संभव! माय गावी, दवनीवाड्यात, त्या एका शब्दाला चिकटून बसली आहे. तेरवी करू देत नाही. नंदावहिनीच्या बांगड्या फोडू देत नाही. आणि गावातल्या बायका वहिनीला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ना सवाष्ण, ना विधवा. घरात वावरते, कोणाच्या मध्ये येत नाही, बस.

मागच्या रजेत माय मला धानाच्या ढोलीमागे घेऊन गेली. "खुशाल नाईच आला, तं नंदाले तूच पाट लावून ठेवजो. परक्याच्या घरी कायले जाऊ द्याची?" आमच्यात पाट चालतो. विधवा भावजयीवर धाकट्या दिराचा पहिला हक्क. कोणी नाव ठेवत नाही.

लिहूनच टाकतो, इथे कोण वाचायला बसलं आहे! मला नंदा हवी आहे. माय बोलली त्याच्या आधीपासून हवी आहे. मग मी भावाला शोधायला चाललो आहे, की भाऊ मेला याची खात्री करायला? थू!

१७ जून, रविवार

वारा झकास होता म्हणे. मला काय त्याचं! मी दोरांच्या वेटोळ्यावर बादली धरून बसलो होतो. साहेबलोक गाणी म्हणत होते. शीड फुगलं की टाळ्या, शीड वळलं की टाळ्या.

दुपारी बेट दिसलं. एवढंसं! आमच्याकडचा कचारगडचा डोंगर आणून शेजारी ठेवला तर हे त्याचं पोर वाटेल. झाड नाही, धानाची बांधी नाही, तळं नाही — नुसता दगड आणि ऊन. राज्य इटलीचं, माणसं ग्रीक, राखायला आमची पोरं. कोणासाठी रे बाप्पा? बंदरावरची निम्मी घरं अजून पडलेलीच. पडक्या भिंतींकडे पाहून साहेब म्हणाला, "ब्यूटिफुल!"

साहेबलोक पोहायला उतरले. मी चादर अंथरली, जेवण मांडलं आणि सटकलो.

कोणाला विचारणार? भाषा येत नाही. "इंडियानो, इंडियानो" करत गल्लीगल्लीतून फिरलो. एकीने पाणी दिलं. एकीने दार लावून घेतलं. तिचंही बरोबरच असेल, वर्दीवाल्यांनी काय सुख दिलं त्यांना!

देवळाकडच्या चढावर एक म्हातारा गाढव हाकत होता. गाढव अडून बसलं. म्हाताऱ्याने टाळूला जीभ लावून टक् टक् केलं आणि ओरडला — "चाल बा, दावरिया! चाल बा!"

ढवऱ्या! आमचा बैल! चिखलात अडला की दादा अस्साच टक् टक् करायचा आणि म्हणायचा, चाल बा ढवऱ्या. या दगडाच्या बेटावर ग्रीक म्हाताऱ्याच्या तोंडात दवनीवाड्याची बोली कुठून यावी?

मी म्हटलं, "ढवऱ्या?" म्हातारा खूश झाला. गाढवाची मान थोपटून म्हणाला, दावरिया, दावरिया! मग माझी वर्दी पाहिली, तोंड निरखून पाहिलं. हसू गेलं. "कुसाल?" म्हणाला.

मी मान हलवली. छातीवर हात ठेवून म्हटलं, भाई. ते त्याला समजलं.

बाकीचं हातवाऱ्यांनी. दादा याच्या गाढवावरून पलटणीसाठी पाणी वाहायचा. गाढवाला नाव नव्हतं म्हणून नाव ठेवलं. मग म्हाताऱ्याने आभाळाकडे बोट केलं, तोंडाने विमानाचा आवाज काढला, आणि टाळी वाजवली. म्हातारा दादाला ढिगाऱ्यातून बाहेर ओढत असताना दादाचा जीव गेला. देवळाच्या भिंतीबाहेर खड्डा आहे, तिथे मला घेऊन गेला. सगळ्यांना एकत्र पुरलं. पुरलं! अग्नी नाही, तोंडात पाणी नाही, कोणी आपलं जवळ नाही. वर दगड रचलेले, नाव कोणाचंच नाही.

मी खाली बसलो. आणि पहिली आठवली ती नंदा! भावाच्या मातीवर बसून! मग रडू आलं. ते दादासाठी होतं की माझ्या स्वतःच्या नीचपणासाठी, मला सांगता येत नाही. म्हातारा गाढव धरून उभा राहिला.

किनाऱ्यावर साहेब तापला होता. कुठे मेला होतास? जेवणाच्या ताटल्या तशाच पडल्या आहेत! मी ताटल्या धुतल्या. कोंबडीची एक तंगडी माझ्यासाठी ठेवली होती. समुद्रात फेकली.

१८ जून

साहेबाने विचारलं, "मजा आली ना, मनिराम?" येस सर.

२ सप्टेंबर

आमच्या गावाजवळच्या मुर्रीचा जागेश्वर फौजेतून सुटला, पुढच्या बोटीने घरी चालला. माझा नंबर कधी लागेल, देव जाणे. त्याला सगळं सांगितलं — म्हातारा, गाढव, खड्डा. जागेश्वर माझ्यासोबतच भरती झाला होता, दादाला ओळखायचा. ढसढसा रडला बिचारा.

पण बजावलं — यातलं माझ्या घरी अक्षर काढायचं नाही. मरणाची बातमी परक्याच्या तोंडून जाऊ नये, ती मीच घेऊन जाईन. तू दवनीवाड्याला जा आणि मायला एवढंच सांग — खुशाल हाय, बेटावर जाऊन आला, लवकरच येते.

तो म्हणाला, "काही फिकर नोको करू."

१४ फेब्रुवारी १९४६, दवनीवाडा

आलो. गोंदियाला गाडीतून उतरलो तेव्हा वाटलं होतं, आज घरात रडारड होईल, उद्यापर्यंत संपेल. मनाची तयारी करून आलो होतो.

दारात नंदावहिनी. कपाळाला हे एवढं कुंकू! हातभर हिरव्या बांगड्या! मी पाहतच राहिलो. तेवढ्यात माय बांधीतून धावत आली, पदरात लाखोरीच्या शेंगा तशाच. मला कवटाळलं, आणि पहिलं वाक्य —

"एकटाच आला का बे? त्याले कायले ठेवून आला?"

कोणाला, मी म्हटलं.

"अरे खुशालले! जागेश्वर सांगून गेला ना — खुशाल हाय, बेटावर हाय, येते लवकरच! साऱ्या गावात साखर वाटली मी!"

खुशाल हाय! माझ्या जिभेला काय झालं होतं तेव्हा? दुसरा शब्द नव्हता? बरा हाय म्हणायचं, ठीक हाय म्हणायचं! ज्या घरातल्या पोराचं नावच खुशाल, त्या घरी हा निरोप कोणता शहाणा पाठवतो?

मायला म्हटलं, थकलो, उद्या बोलू.

१५ फेब्रुवारी

मुर्रीला गेलो. जागेश्वरला धरून विचारलं. तो म्हणतो, "तू सांगतलं तेवढंच बोललो बाप्पा! माय वावरात गेली होती. नंदाबाई दारात होती, तिलेच सांगतलं."

मनिराम खुशाल हाय, असं नाव घेऊन म्हणायला जीभ झडली होती का तुझी? असं म्हणून मी खूप बोललो त्याला. तो खाली पाहून चिलीम भरत राहिला. आपलं चुकलं, असं म्हणाला नाही. म्हणजे ऐकण्यात चूक झाली ती वहिनीची. पाच महिने बिचारी बांगड्या घालून वाट पाहते आहे!

१६ फेब्रुवारी

आज सांगायचं होतं. मायने दादासाठी नवीन धोतरजोडी आणून ठेवली आहे, ती दाखवायला बसली. सकाळ गेली, दुपार गेली. वहिनी मुकाट रांधते, वाढते. शेजारणी आता तिला बोलवायला येतात. आधी वहिनीलाच सांगावं. तिची समजूत पटली की माय सावरेल. आणि मग पाटाचं — नाही, ते आज नाही लिहीत. पण डोक्यातून जातही नाही, मेलं!

१७ फेब्रुवारी

वहिनी तांदूळ पाखडत होती. मी सुरू केलं — वहिनी, जागेश्वरच्या बोलण्याचा घोटाळा झाला...

सूप थांबलं नाही. "घोटाळा नाई झाला, भाऊजी. त्याले शपथ घालून मीच खोदून खोदून इचारलं. सारं सांगतलं त्यानं. मायले उलटं मी सांगतलं."

काऊन, मी विचारलं.

"तो गेला म्हटलं तं माय मले तुमच्या पाटाले बसवन. तुमचीबी नजर मले मालूम हाय. मले नाई बसाचं. सांगाचं असन तं सांगा, मंग मी आजच माहेरी जातो."

सूप पुन्हा सुरू. तेवढ्यात माय आत आली. "काऊन रे, तूबी तिकडंच होता ना, त्या बेटावर? डोळ्यानं पाह्यला ना त्याले?"

वहिनीने वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "पाह्यला, माय. आंगानं भरला आता."