पाचूच्या पलीकडे

६ जानेवारी, सोमवार
नोकरी लागली! बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाबा म्हणाले, तुला इंजिनीयर केलं ते खाणकामाला का? पण ही खाण कम्प्युटरवरची. ऑनलाइन गेममध्ये डोंगर पोखरायचा, पाचू-नीलम-हिरे काढायचे. परदेशी खेळाडू ते पैसे देऊन विकत घेतात. खणायचा त्यांना कंटाळा. वेळ दहा ते सहा. शेजारच्या खुर्चीवरची सलोनी इथे तीन वर्षं आहे. तिने शिकवलं: पाचू डोंगराच्या अंगाला, हिरे तळाशी, आणि पायाखालचा दगड फोडायचा नाही, खाली लाव्हा असतो. मला आधीच्या मुलाचं खातं दिलंय, त्याचा अर्धवट बोगदा पुढे न्यायचा. पहिल्याच दिवशी अकरा पाचू! अनंत सरांनी खूश होऊन चहा मागवला.

८ जानेवारी
बोगदा फार नीटनेटका आहे. ठरावीक अंतरावर मशाली, कुठे वाकडा ठोका नाही. शेवटी मात्र आडवी भिंत. आज हेडफोनमध्ये तिच्यामागून कुदळीचा आवाज आला. ठक. ठक. सलोनीला ऐकवला. तिने हेडफोन लगेच काढून ठेवला आणि म्हणाली, या डोंगरात आत्ता आपण दोघीच आहोत, तू उजवीकडे खण.

१० जानेवारी
जिन्यात एक बाई बसल्या होत्या. प्रेमलाबाई, वाघोलीकडच्या. मला हाताला धरून म्हणाल्या, "माझा पुष्कर हितंच कामाला व्हता. दिवाळीच्या आधी डबा घेऊन आला, परत आलाच न्हाई. त्याची चप्पल तुमच्या दाराशी हाय अजून."
पाहिलं. दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, धुळीने भरलेली. सर म्हणतात, न सांगता सोडून गेला, पोलिसांनाही तेच सांगितलंय. अनवाणी गेला?
माझं खातं पुष्करचं आहे.

१३ जानेवारी
बोगद्यातल्या त्या भिंतीवर पाटी उगवली आहे. शुक्रवारी नव्हती. "खणू नकोस. मीही असाच आवाज ऐकून आलो."
मी चॅटमध्ये लिहिलं, पुष्कर?
मग एक ओळ आली: आई जेवते का?

१४ जानेवारी
सरांना दाखवायला गेले तर ओळ गायब. त्यांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. सलोनी जिन्यात रडली. पुष्करच्या आधी त्याच खुर्चीवर राकेश होता, तोही असाच नाहीसा झाला. तिलाही ठक-ठक ऐकू यायची. ती उजवीकडे खणत राहिली, म्हणून वाचली, म्हणाली. माझ्या पाया पडायला लागली, उद्यापासून येऊ नकोस.
खाली प्रेमलाबाई होत्या. त्यांनी मला तिळगूळ दिला. मी फक्त विचारलं, जेवता ना? त्या नुसत्या हसल्या.
मी खणणार.

१६ जानेवारी
दिवसभर खणलं. फोडलेला दगड पुन्हा भरतो, पण थोडा कमी भरतो. खोकल्यातून वाळू पडते — खरी वाळू, रुमालात. नखांत काळं. माऊसचं वजन वाढलंय. दोन्ही हातांनी धरावा लागतो.

१७ जानेवारी
भिंत पडली. पुष्कर आहे. पाठमोरा. पुढची भिंत फोडतोय. हाक मारली — वळला. म्हणतो राकेश पलीकडे आहे, आवाज येतोय, त्याला काढल्याशिवाय येत नाही. आईचं सांगितलं. रडला. पण हात थांबत नाहीत त्याचे.

मागे वळले. बोगदा बुजलाय.

ऑफिस दिसतंय अजून, लांबून, काचेतून बघावं तसं. वही मांडीवर आहे पण मांडीखाली दगड. सलोनी — सलोनीला ओरडून हाका मारल्या. ती माझी खुर्ची टेबलाखाली सरकवतेय. माझी चप्पल उचलून खालच्या कप्प्यात —

सलोनी, वही सापडली तर प्रेमलाबाईंना सांग तो जिवंत आहे. नको — नको सांगू, त्या इथे येतील. बाबांना पण नको, ते तर लगेच कुदळ —