बारामतीत चहाला जागा बघताना

लासुर्णे,
बुधवार

प्रिय राजेश्वरी,

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. तिकडून तू हॅलो म्हणतेस आणि माझं सुरू होतं, पाऊस झाला का, जावईबापूंची ड्यूटी कुठली, आणि लगेच फोन तुझ्या आईच्या हातात. म्हणून लिहायला बसलोय. तुझा भाऊ उद्या सकाळी एमआयडीसीत कामाला निघाला की तुझ्या दारात हे पाकीट देऊन पुढं जाईल. वाटेत फोडून वाचलंस तर बघ, असा युवराजला दम दिलाय.

तर तू नेमून दिलेलं काम. छकुली घरी आली, आता दोन्हीकडच्या माणसांना येत्या रविवारी एकत्र बोलवायचं, जेवणावळी नकोत, संध्याकाळचा चहा आणि बरोबर चार पदार्थ, असं तू म्हणालीस. हाय-टी म्हणतात म्हणे त्याला. आणि तो घरी नको, बाहेर कुठंतरी, जिथं लहान लेकरू घेऊन निवांत बसता येईल. बाहेर का, ते तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. युवराजनं मोबाइलवर फोटो बघून चार नावं काढली आणि झालं म्हणाला. मी म्हटलं, लेका, फोटोत चहा गरम का गार ते कळतं का? काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि तुझ्या आईला घेऊन स्वतः निघालो.

पहिलं भिगवण रस्त्यावरचं मोठं हॉटेल. आत एवढा गारठा की तुझी आई कानावरून पदर घेऊन बसली. चहा आला तो सुटा. पाणी एका किटलीत, दूध दुसऱ्या भांड्यात, साखर पुडीत आणि पत्ती दोऱ्याला बांधलेली. ती बराच वेळ तो दोरा धरून बसली आणि म्हणाली, "अवो, आपणच करायचा हाय, तर ह्येंनी काय केलं?" टेबलं काचेची, कोपरे टोकदार, तीन वर्षांच्या पोरीच्या बरोबर कपाळाला लागतील असे. ते सोडलं. दुसरं इंदापूरला हायवेवर. हिरवळ, झोपाळा, घसरगुंडी, सगळं बघून मी खूश झालो होतो. पण घसरगुंडीवरून उतरलं की दहा पावलांवर ट्रक मागं घेतात. मालक म्हणाला, आजवर कुणाला काय झालं न्हाय. मी म्हटलं, तुमी आजवरचं सांगताय, मी रविवारचं विचारतोय. तुझी आई मला हाताला धरून बाहेर घेऊन आली. तिसऱ्या ठिकाणी सगळी उंच स्टुलं. बसलो तर माझेच पाय लोंबकळायला लागले, तिथं छकुलीला कुठं बसवणार? शेजारच्या कॉलेजच्या पोरी तोंड फिरवून हसत होत्या, आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखंच होतं.

हसून झालं, आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. बाहेर का, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही, ही आपल्या घरची रीत. माझ्या वडिलांनी पाळली, मीही पाळली. तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. बारामतीला बाजाराला आलो की तुझ्याकडं यायचो, पिशवीत घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. तू दर वेळी चहा ठेवायचीस. "आबा, घोटभर तरी घ्या," म्हणायचीस आणि मी मान हलवायचो. मग जावईबापू मुकाट्यानं तो कप आत घेऊन जायचे. मला वाटायचं, मी रीत पाळतोय, त्यात कुणाचं काय वाईट होतंय? पोरी, दवाखान्यांच्या त्या सगळ्या फेऱ्या करून तू दमून घरी यायचीस आणि मी तुझ्याच ओट्यावर बसून तुला पुन्हा तेच सांगत होतो, की अजून मूल नाही. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. तुझ्या आईला सुचलं होतं. ती बोललीही होती. मी तिच्यावरच खेकसलो.

मग तू फोन करून सांगितलंस की संस्थेतून मुलगी दत्तक मिळतेय, कागद झाले, छकुली येतेय. तू रडत होतीस, आनंदानं. मी काय म्हणालो? "बघू." एवढं म्हणून फोन ठेवला. त्याच संध्याकाळी दत्तोबा तात्या आले होते. आपल्या भावकीत सगळ्यांत मोठे, त्यांचा शब्द आजवर कुणी मोडला नाही. ते म्हणाले, "पोटचं न्हाय, जोतीराम. रीत काय सुटत न्हाय." मी गप्प बसलो. छकुली आल्याला महिना झाला आणि मी अजून तिला बघायला आलो नाही. दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन गाडी वळवली. तुझ्या आईला सांगितलं, माझी कंबर दुखतेय. कंबर ठणठणीत आहे.

आणि तू काय केलंस? माझ्यावर रागवायच्या ऐवजी माझ्या तोंडात घास जावा म्हणून घराबाहेर जागा शोधायला लागलीस. लेकराचं कौतुक हॉटेलात करायला निघालीस, बापाची रीत मोडू नये म्हणून.

चौथी जागा काल बघितली. बारामतीतच, आतल्या रस्त्याला. तिथं सगळं होतं. लहान मुलांची पट्ट्याची खुर्ची, हात धुवायला बुटकं बेसिन, चहा आलं घालून उकळलेला. तिथल्या मॅनेजरबाई वही घेऊन आल्या. माणसं किती? मी म्हटलं, बारा. लहान मुलं? मी म्हटलं, एकच, माझी नात. तोंडातून सहज गेलं. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. बाई लिहितच होत्या. तिला तिखट चालतं का? दुधाचा काही त्रास आहे का? गोड काय आवडतं? राजेश्वरी, मला एकाचंही उत्तर देता येईना. त्या माउलीनं साधे प्रश्न विचारले होते. मी म्हणालो, तिच्या आईला विचारून सांगतो, आणि उठलो. जिन्यात तुझी आई म्हणाली, "नात म्हणालासा नव्हं? मग हाटेल कशापायी शोधताय?" घरी येईपर्यंत ती गाडीवर मागं बसून रडत होती, ते मला कळत होतं.

आज सकाळी दत्तोबा तात्यांकडं जाऊन आलो. म्हटलं, तात्या, मला नात झालीय, माझी रीत सुटली. ते तंबाखू मळत बसले. पटलं नाही त्यांना. नाही पटलं तर नाही पटलं.

चौथी जागा मी ठरवली नाही. आता कुठलीच बघणार नाही. हे सगळं लिहिलं ते एवढंच विचारायला, की रविवारी चार वाजता मी आणि तुझी आई तुझ्या घरी चहाला आलो तर चालेल का? बाटली आणणार नाही. नऊ वर्षं मी तुला नाही म्हणत आलोय, तेव्हा या वेळी तू नाही म्हणालीस तर मला तोंड नाही रागवायला. निमूट ऐकेन आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन. पण हो म्हणालीस, तर रात्रीचं जेवूनच जाईन.

तुझाच,
आबा